सात नंबरचा बिल्ला

आमच्या घरात प्लास्टिकचे डबे किती आहेत, हे इतकी वर्षं फक्त देवाला माहीत होतं. यंदा हे रिटायर झाले आणि ह्यांनाही कळलं.

हे म्हणजे शरच्चंद्र. प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये हत्यारांच्या खोलीत अडतीस वर्षं काढली. पाना असो की हातोडी, नेणाऱ्यानं आपल्या नंबरचा बिल्ला खिळ्याला अडकवल्याशिवाय ह्यांनी ती कुणाच्या हाती दिली नाही. असा माणूस पहिल्याच सोमवारी तरसालीच्या आमच्या स्वयंपाकघरात साखर शोधायला शिरला. वरचं कपाट उघडलं मात्र, श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, हॉटेलच्या पार्सलचे डबे धडाधड अंगावर आले.

"अहल्या, हे काय आहे?"

"संसार," मी म्हटलं.

दोन दिवस हॉलमध्ये मोजणी चालली. एकशे सोळा डबे, नव्वद झाकणं, आणि एकमेकांना बसतील अशा जोड्या एकसष्ट. मला वाटलं, आता भंगारवाल्याला हाक मारतील. कसलं काय! ह्यांनी पत्र्याचे गोल बिल्ले कापले, त्यांवर नंबर ठोकले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ओळीनं खिळे मारले. डबा घराबाहेर गेला, की नेणाऱ्याचा बिल्ला खिळ्यावर. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय.

मी हसण्यावारी नेलं, तिथंच चुकलं. आमच्या वरच्या मजल्यावर निरुपमाबेन राहतात, माझी बावीस वर्षांची मैत्रीण. यजमान गेले, मुलगा मेलबर्नला. आलेला डबा रिकामा परत करायचा नाही, हा आम्हा दोघींचा कायदा. माझी अळूवडी वर गेली की त्याच डब्यातून डाळतांदळाचा खमंग भाजलेला हांडवो खाली यायचा. सुरळीच्या वडीला त्या खांडवी म्हणतात. त्यांची कधी फाटत नाही, माझी नेहमी.

एका सकाळी मी त्यांच्या हातात साबुदाण्याच्या खिचडीचा डबा दिला, तर हे मध्ये उभे. "निरुपमाबेन, तमारो सात नंबर. आ साथे अगियार डब्बा बाकी थया."

म्हणजे त्यांचा बिल्ला सात नंबरचा, आणि हा धरून अकरा डबे त्यांच्याकडे बाकी! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. निरुपमाबेन कसनुशा हसल्या, बिल्ला खिळ्याला लावला आणि गेल्या. त्यानंतर तीन आठवडे खाली उतरल्या नाहीत. फोन केला की "पछी आवीश," नंतर येते म्हणायचं, आणि ठेवून द्यायचा.

"अकरा डब्यांपायी तुम्ही माझं माणूस घालवलंत," मी ह्यांना सुनावलं. रोज सुनावलं, जेवताना जरा जास्तच.

शेवटी एका रविवारी हे उठले. "सोक्षमोक्ष लावून येतो," म्हणत वही काखेत मारून जिना चढायला लागले. मी ओल्या हातांनी मागे धावले. ह्यांनी तोंड उघडायच्या आत आपण माफी मागावी, एवढाच विचार.

दार उघडलं. समोर जेवणाच्या टेबलावर अकराच्या अकरा डबे, घासूनपुसून, प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचंच झाकण. ह्यांच्या चेहऱ्यावर आदर दाटून आला. माझं लक्ष मात्र ओट्याकडे गेलं. ओट्यावर शेगडीच नव्हती.

"बे महिना थया," निरुपमाबेन खाली बघत म्हणाल्या. मुलगा सुट्टीवर आला होता तेव्हा दूध उतू जाऊन शेगडी विझली आणि गॅस तसाच चालू राहिला. मुलगा घाबरला. जाण्याआधी कनेक्शन बंद करवून टिफिन लावून गेला. "दाळमां गोळ ज नथी," त्या म्हणाल्या. वरणात गूळ नाही, हे दुःख त्यांनी दोन महिने एकटीनं गिळलं होतं.

"अहो, मग सांगायचं नाही का? निदान डबे तरी आणून द्यायचे!"

"खाली डब्बो केम पाछो अपाय, अहल्याबेन?"

रिकामा डबा परत कसा द्यायचा! मला माझीच लाज वाटली. दोन महिने वरून फोडणीचा वास आला नव्हता आणि माझ्या नाकाला पत्ता नाही. ह्यांच्या मोजणीला मी नावं ठेवत होते. पण मोजलं ह्यांनीच, म्हणून तर आम्ही जिना चढलो.

ह्यांनी वही मिटली. 

"निरुपमाबेन, लेथ मशीन कुणी घरी नेत नाही. ज्याचं काम असेल तो मशीनपाशी येतो. चालो नीचे, डब्बा लईने."

त्या दुपारी आमच्या शेगडीवर खांडवी झाली. मी गॅसवर लक्ष ठेवलं, ह्यांना खोबरं खवायला बसवलं. अकराही डबे भरले आणि सोसायटीभर गेले. अर्थात तेही रिकामे परत आले नाहीत, आणि सोबत लोकांचे डबे घेऊन आले. कपाटाचं दार आता खांदा लावूनच बंद करावं लागतं.

निरुपमाबेन रोज दहाला येतात, सात नंबरचा बिल्ला खिळ्याला अडकवतात आणि पदर खोचतात. जाताना बिल्ला काढून घरी नेतात. बिल्ला खिळ्यावर म्हणजे वस्तू बाहेर, असा ह्यांचा अडतीस वर्षांचा नियम. हा एकच बिल्ला उलटा चालतो. दहा वाजून पाच मिनिटांनी खिळा रिकामा दिसला, तर मला उठावं लागत नाही. हेच जिन्यात जाऊन हाक मारतात, "सात नंबर! चालो नीचे!"