चंद्राबाईची हिरवी रेघ

“आ,” म्हणून चंद्राबाईनं तोंड उघडलं आणि मोबाईलच्या पडद्यावर हिरवी रेघ वर चढायला लागली. चढली, चढली, आणि मधल्या पांढऱ्या पट्टीपाशी येऊन मटकन खाली बसली.

मॅडमनी बोट गोल फिरवून दाखवलं. परत.

शिळफाट्याला औषधांच्या दुकानाच्या वर मॅडमचा बोलण्याचे उपचार करायचा दवाखाना होता. बाकावर तोतरं बोलणारी, उशिरा बोलायला लागलेली पोरं आयांच्या मांडीवर बसलेली, आणि त्यांच्यात ही सत्तरीची म्हातारी, नऊवारीचा काष्टा घालून, नाकात नथ घालून, कुठल्या लग्नाला आल्यासारखी. तिच्या शेजारी सून ललिता. मॅडम जे बोलतील ते सासूच्या कानात ओरडून सांगायचं, एवढंच तिचं काम.

“छातीतून आवाज काढतात तेव्हा बघा, हे असे एकावर एक जाड पट्टे दिसतात,” मॅडम म्हणाल्या. “वरच्या आवाजात गेलं की एकच बारीक रेघ राहते. ही पांढरी पट्टी म्हणजे दोन्हींचा जोड. तिथं जोर लावला की आवाज तुटतो. हलकं व्हायचं. एरवी कानाला कळतं कुठं हलकं व्हायचं ते. आजींना ऐकू येत नाही, म्हणून डोळ्यांनी बघायचं.”

ललितानं हे सगळं कानात ओरडून सांगितलं.

“हलकं?” चंद्राबाई म्हणाली. बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या बाकांना ऐकू गेला. “जल्मभर जोरानं म्हटलं तवा देव आलं. आता काय कुजबुजून बोलवू त्यांना?”

चंद्राबाई धवलारीण होती, लग्नातले धवले, म्हणजे देवांची गाणी, म्हणणारी. खालापूरच्या आसपासच्या गावांत तिच्या धवल्यांशिवाय हळद लागत नव्हती. भटजी दुसऱ्या दिवशी यायचा, पण आदल्या दिवशी देवांना हळदीला बोलवायचं काम हिचं. हातात तांदळानं भरलेलं सूप, एकेका देवाचं नाव घ्यायचं आणि नावाच्या शेवटी आवाज उंच नेऊन हाक मारायची, मग तांदूळ उडवायचे. हाक मध्येच तुटली तर तो देव वाटेतूनच माघारी जातो, असं सगळ्या बाया मानत. चंद्राबाईची हाक कधी तुटली नव्हती. मग कान गेले, आणि कानांच्या मागोमाग गळाही. कानाचं यंत्र आणलं होतं दशरथनं, तिच्या लेकानं. ते तिनं दोन दिवस घातलं आणि फडताळात टाकलं. म्हणे, त्यात सगळ्या बाया कावळ्यासारख्या ओरडतात.

आता नातीची, सुप्रियाची हळद तोंडावर आली होती. दशरथ भीत भीत म्हणाला होता, पलीकडच्या गावच्या सोनाबाईला सांगून ठेवू काय, असू दे जोडीला.

“माझ्या नातीच्या हळदीला सोनाबाई?” चंद्राबाई म्हणाली होती. “त्यापरीस माझी तिरडी बांध, आन् तिला रडायला बोलाव.”



मॅडमनी मोबाईल ललितापुढं धरला. “तुमच्या मोबाईलमध्येही हे घालून देते. चालतंय का बघू. तुम्ही म्हणा आ. खालून वर.”

“मी?” ललितानं पदर तोंडाशी नेला. “मी नाय म्हणत.”

“गाणं नाही हो. नुसतं आ.”

ललितानं डोळे मिटले आणि म्हटलं. जाड पट्टे उठले, वर सरकले, पांढऱ्या पट्टीत शिरले आणि कुठं काही झालंच नाही अशी त्यांची बारीक रेघ होऊन वर निघून गेली. बाकावरची एक आई आपल्या पोराला थोपटायची थांबली.

“अरे वा,” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही शिकलात कुठं?”

चंद्राबाईला ऐकू आलं नव्हतं, पण पडदा तिच्या समोरच होता. ती त्या रेघेकडं बघत राहिली. मग म्हणाली, “यंत्र बिगाडलंय हे.”

मॅडम हसल्या. ललिता हसली नाही. ती सासूला ओळखून होती.

निघताना मॅडमनी बजावलं, “आजी सराव करतील तेव्हा जवळ कोणी बोलू नका, गाऊ नका. याला माणूस कळत नाही. जो आवाज ऐकेल त्याची रेघ काढतं.”

ललिता लग्न होऊन आली तेव्हा नणंदेच्या हळदीत बायांच्या घोळक्यात बसून तिनं धवल्याला सूर लावला होता. मनापासून लावला होता, नव्या नवरीला आवडतं तसं. चंद्राबाईनं हाक अर्ध्यात थांबवली. हाक अर्ध्यात थांबवायची नसते, पण थांबवली. माईक तोंडाशी तसाच धरून विचारलं, “कोण गं ते फुटकं मडकं वाजवतंय?” मांडव खदखदला. कर्ण्यांवरून ते साऱ्या गावानं ऐकलं. तेव्हापासून ललिताचं तेच नाव पडलं. जावा म्हणत, दीर म्हणत, एकदा चिडून दशरथही म्हणाला होता. मग ती लग्नाकार्यात चहाचं ताट फिरवायला लागली. नदीवर गोधड्या धुताना तेवढी म्हणायची, आजूबाजूला कुणी नाही हे बघून.

घरी सराव सुरू झाला. ओट्यावर पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवायचा, समोर चंद्राबाई. मॅडमनी सांगितलेलं तिनं ऐकलं, हे मात्र मानायला हवं. जिद्द होती बाईत. जोर सोडायला शिकली. पट्टीपाशी आली की भुवया वर करायची, हात हळूच उचलायची, आणि कधी कधी रेघ पार व्हायची. पार झाली की ती साऱ्या घराकडं बघायची. तुटली की ललिताकडं.

“मोबाईल वाकडा ठेवलास.”

“सरळ हाय, आत्या.”

“वाकडा हाय. तुझा हात लागला की सगळंच वाकडं.”

ललिता मोबाईल उचलायची आणि होता तसाच परत ठेवायची. पार झालेल्या रेघेमागं आवाज कसा येत होता, ते फक्त तिला ऐकू येत होतं. फटीतून वारा यावा तसा. पण रेघ हिरवी होती, आणि चंद्राबाई रेघेवर खूश होती. ललितानं ते तिला सांगितलं नाही. सांगून काय उपयोग होता?

हळदीच्या दिवशी दुपार कलल्यावर नवऱ्याकडची उष्टी हळद घेऊन शेलूहून टेंपो आला. बाया उतरल्या, पुरुष रस्त्याकडेच्या पिंपळाखाली खुर्च्या ओढून बसले. मांडवात पाटावर सुप्रिया, अंगावर जुनी पिवळी साडी. समोर चंद्राबाई, हातात सूप. तिच्यापुढं तांब्याला टेकवून मोबाईल ठेवलेला. सूप धरायचं तर माईक कोण धरणार? ललिता. सासूच्या खांद्यामागं बसून तिनं हात पुढं करून माईक धरला.

“सरळ धर,” चंद्राबाई म्हणाली.

तिनं गावदेवीपासून सुरुवात केली. पट्टे उठले, जोडाशी आले, हलके झाले, पार गेले. पहिले तांदूळ उडाले. पिंपळाखालच्या माणसांच्या गप्पा थांबल्या. मग नदीकाठच्या देवाला बोलावलं. रेघ पार गेली, पण थरथरत. यानंतर डोंगरचा देव होता, आणि त्याची हाक सगळ्यांत उंच. तो लांब राहतो ना.

“डोंगरीच्या देवा, हळदीला ये रं…”

चंद्राबाईनं भुवया वर केल्या, सूप जरा उचललं, आणि पट्टीपाशी तिचा श्वास संपला. जन्मात पहिल्यांदा मांडवात हाक तुटली हे तिला कानानं नाही, छातीतच कळलं. तिनं तोंड मिटलं.

रेघ चालूच होती.

जोडातून अलगद वर गेली, बारीक झाली, आणि डोंगराच्या देवाच्या नावाला धरून तिथंच सरळ उभी राहिली, दवाखान्यात एकदा राहिली होती तशी. चंद्राबाईनं मान जराशी वळवली. माईक तिच्या तोंडाशी नव्हता. ललितानं तो स्वतःच्या पदराआड ओढला होता आणि तिच्या गळ्याची शीर तट्ट फुगली होती.

चंद्राबाई परत मोबाईलकडं वळली. तोंड उघडलं. आवाज काढला नाही, नुसतं उघडलं, आणि नाव संपलं तेव्हा तांदूळ उडवले.

अगदी जवळ बसलेल्या चार बायांनी हे बघितलं. त्यांनी एकमेकींकडं बघितलं आणि मग सुपाकडं. पुढचे दोन देवही असेच आले.

शेवटची हाक घरच्या देवीची. तिच्याआधी चहा झाला. नवऱ्याची मावशी, चिंधी नावाची, वाकून चंद्राबाईच्या पाया पडली आणि कानाशी ओरडली, “या वयात काय गळा हाय, आजी. आमी तिकडं बसून ऐकत होतो, अंगावर काटा आला.”

चंद्राबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“ही इद्या सुनंला दिलीव का नाय?”

ललिता चहाचं ताट घेऊन तिथंच उभी होती. तिनं त्या क्षणी फार काही मागितलं नव्हतं. ‘म्हणते बरी’ एवढं चाललं असतं. तेही नको, म्हातारीची मान नुसती हलली असती तरी तिचं आयुष्यभराचं भागलं असतं. चार बाया कप तोंडाशी धरून थांबल्या.

चंद्राबाईनं सुनेकडं बघितलं, चांगलं सावकाश बघितलं.

“इद्या देऊन काय करू?” ती म्हणाली. “गळा पायजे ना त्याला. हिचं फुटकं मडकं.”

चिंधी मावशी हसली. मांडवात आणखी कुणी कुणी हसलं, सवयीनं. त्या चार बायांतलीही एक हसली.

ललितानं ताट खाली ठेवलं. रिकामे कप त्यात एकावर एक रचले, पदरानं हात पुसले आणि माईक उचलून सासूपुढं आली. सूप काढून घेतलं आणि सुप्रियाच्या करवलीच्या हातात दिलं. मग चंद्राबाईची बोटं माईकभोवती नीट मिटवली, लहान पोराच्या हातात खुळखुळा देतात तशी. मोबाईल तांब्याला परत सरळ टेकवला.

“घ्या आत्या,” ती म्हणाली. हे तिनं कानात ओरडून सांगितलं नाही.

ती जाऊन सुप्रियाच्या पलीकडं हळदीच्या ताटापाशी बसली आणि सुकत आलेल्या हळदीत तेल ओतून बोटांनी कालवायला लागली.

घरच्या देवीची हाक नवरीसाठी असते. ती आली तर पोरीबरोबर सासरी जाते. नाही आली तर पोर एकटी जाते. हे मांडवातल्या सगळ्यांना माहीत होतं, ललितालाही. सुप्रिया तिची एकुलती एक होती.

चंद्राबाईनं सुरुवात केली. आवाज खालून चांगला उठला, कर्णे घुमले, जाड पट्टे एकावर एक चढले. देवीचं नाव आलं. पांढरी पट्टी आली. तिनं भुवया वर केल्या आणि मोबाईलकडं बघत तोंड उघडं ठेवलं, मघासारखं.

रेघ तिथंच संपली.

पडदा काळा राहिला. चंद्राबाईनं तोंड आणखी उघडलं. पाठीमागं ललिता असेल म्हणून तिनं मान वळवली, तिथं कुणीच नव्हतं. मग तिला ती दिसली, पलीकडं, ताटात हात घालून बसलेली, तोंड मिटलेलं.

म्हातारी पुढं झुकली. आपण हळूच बोलतोय असं तिला वाटलं असावं. बहिऱ्या माणसाला कुठलं कळतंय? आणि माईक तर तिच्याच हातात होता.

“म्हण की गं, ललिता,” ती म्हणाली. “मघासारखं म्हण.”

कर्ण्यांनी ते पिंपळापर्यंत नेलं, रस्त्यापर्यंत नेलं, त्याच्या पलीकडच्या घरांपर्यंत नेलं. चिंधी मावशीनं आधी चंद्राबाईकडं बघितलं, मग ललिताकडं. बाहेर कुणाची तरी खुर्ची सरकली.

“आई,” सुप्रिया म्हणाली. तिच्या कपाळावरची हळद ओघळून भुवईत आली होती. “आई, म्हण ना.”

ललिता हळद कालवत होती. गुठळी राहू नये म्हणून ती बोटांनी ताटाच्या काठापर्यंत जाऊन परत मध्ये येत होती.

“सुकतेय गं बायांनो,” ती म्हणाली, वर न बघता. “हात चालवा.”

बायांचे हात चालायला लागले. तांब्याला टेकलेल्या मोबाईलवर ललिताच्या तेवढ्या बोलण्याच्या दोन-तीन हिरव्या रेघा उमटल्या, आणि त्या पडद्यावरून सरकून जाईपर्यंत चंद्राबाई त्यांच्याकडं बघत राहिली.