घाट उतरताना

दर सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून खाली आणल्या की गुन्वोर आणि तिचा नवरा आयलिफ घाटापलीकडे तिच्या बहिणीकडे मटण-कोबी खायला जात. गाडी नेहमी आयलिफच चालवायचा.

माथ्यावरच्या तळ्याशी ते थांबले. भूर्जाची झाडं पिवळीधमक झाली होती, जमिनीलगतची झुडपं लालभडक. लोणी-साखर लावलेल्या लेफ्सा, म्हणजे बटाट्याच्या मऊ पोळ्या, आणि थर्मासमधली कॉफी घेऊन दोघं दगडावर बसली. समोरच्या उतारावर रेनडियरचा कळप चरत होता. गुन्वोरने बोट दाखवलं, तर "वा, देखणे आहेत," म्हणत आयलिफने भलतीकडेच, तळ्याकडे पाहिलं. चेष्टा करतोय, असं तिला वाटलं. मग त्याने कॉफी कपाबाहेर ओतली. ही चेष्टा नव्हती.

उतार लागला. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. आयलिफ मान तिरकी करून रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ धरून चालवत होता. पाटी आली तेव्हा गुन्वोरने सहजच विचारल्यासारखं विचारलं, वेग किती लिहिलाय. इतक्या वर्षांच्या रस्त्यावर पाट्या कसल्या वाचायच्या, म्हणून तो हसला. थांब म्हणावं, तर या अरुंद जागी तो गोंधळायचा. तिने दाराची मूठ घट्ट धरली.

वळणापलीकडे रस्त्याच्या मधोमध मूस हरणाची मादी उभी होती, घोड्याहून उंच, मागे पिल्लू. आयलिफचा पाय काही ब्रेककडे जाईना.

"आयलिफ, ब्रेक दाब. आत्ता."

गाडी कचकन थांबली. मादी चार हातांवर होती. तिने कान मागे पाडले, मानेवरचे केस उभे केले. गुन्वोर जागची हलली नाही. बऱ्याच वेळाने मादी पिल्लाला घेऊन झाडीत उतरली.

"काय होतं?" आयलिफने विचारलं.

"तुला दिसलं नाही?"

त्याने इंजिन बंद केलं. "नजरेच्या मधोमध डाग आहे. कडेकडेचं दिसतं. जूनपासून."

"आणि मला शेजारी बसवून घाट उतरतोयस?"

"लायसन काढून घेतील. मग या रानात आपण दोघं कुठे जाणार, सांग."

तिने त्याला उतरवलं आणि स्वतः चालवायला बसली. अठरा वर्षांत तिने गाडीला हात लावला नव्हता. दोनदा इंजिन बंद पडलं. दरीकडे बघायचं नाही, एवढंच तिने ठरवलं. आयलिफ इंजिनाचा आवाज ऐकून हळूच सांगायचा, आता दुसरा गियर टाक, आता क्लच सोड. मागे चार गाड्या तुंबल्या, एकाने भोंगा वाजवला, तिने वेग वाढवला नाही.

खोऱ्यातल्या पहिल्या शेताशी तिने गाडी उभी केली आणि बहिणीला फोन लावला: आम्हाला न्यायला ये.

"उद्या डॉक्टरकडे जातो," आयलिफ म्हणाला.

"मी येते बरोबर," ती म्हणाली आणि गाडीची किल्ली आपल्या खिशात टाकली.