जिता गाळ

“आवडीबाई, त्या गटारात हात घालू नका!”

संजीवनी मॅडम ओरडेपर्यंत आवडीने ओंजळभर तपकिरी गाळ वर काढलाही होता. तो नाकाशी धरून ती म्हणाली, “म्याडम, ह्यो जिता हाय.”

पोलादपूरच्या डोंगरातली आवडी महाडच्या त्या रंगाच्या कारखान्यात नऊ वर्षं झाडलोट करत होती. त्या साली तिथे नवा माल निघू लागला आणि त्याच्या सांडपाण्यातून एकदम भरमसाट आलेल्या ॲनिलीन या विषारी रसायनाने मोठ्या टाकीतले जंतू मारून टाकले. पाण्यातली घाण खाणारे तेच. टाकीवर राखाडी फेस आला, सडक्या मासळीसारखी दुर्गंधी सुटली. महिन्याभरात पाणी सुधारा, नाहीतर कारखाना बंद, अशी नोटीस आली. दोनशे माणसांचा रोजगार टांगणीला लागला. साहेबांनी दोनदा बाहेरून टँकरने जिवंत जंतूंचा गाळ आणला. दोन्ही वेळा चार दिवसांत मेला.

“हितं त्याच रसायनाची पिंपं धुत्यात, किती वर्षं झाली,” आवडी म्हणाली. “वरनं येतं त्या पाण्याला वास हाय, खाली जातं त्याला नाय. मंग मधी कोन खातंय?”

प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या संजीवनीने तो गाळ बाटलीत भरून घेतला. मग तडक साहेबांकडे गेली.

“आता झाडूवाली प्लँट चालवणार?” साहेब हसले.

“एक पिंप द्या फक्त,” संजीवनी हटली नाही.

पिंपात गटारातला गाळ घातला, हवेची नळी सोडली. संजीवनीने सांडपाण्याची बादली उचलली तशी आवडीने तिचा हात धरला.

“येवढं नको. नवी व्यालेली म्हस पन एकदम पेंड खात नाय. तांब्यानं सुरू करा.”

पहिल्या दिवशी एक तांब्या, मग दोन. नवव्या दिवशी गाळ फिका पडून वर तरंगू लागला. संजीवनीच्या डोळ्यांत पाणी आलं. आवडीने मात्र गाळ बोटांत चोळून पाहिला. “अजीर्न झालंय. दोन दिस कायबी देऊ नका.” रविवारी सुट्टी असूनही ती चालत येऊन पिंपाशी बसली. तिसऱ्या दिवशी गाळ पुन्हा तळाशी बसला.

एकोणिसाव्या दिवशी संजीवनी परीक्षानळी हातात घेऊनच धावत आली. “ॲनिलीन गायब! आणि अमोनिया वाढलाय! आवडीबाई, तुमच्या जंतूंनी ते फोडलं, आतला नायट्रोजन मोकळा केला!”

“मंग खाल्लं म्हना की!” आवडी खदखदून हसली.

पिंपातला गाळ वाढवत वाढवत टाकीत गेला. तपासणीवाले आले, नमुना घेऊन गेले. कारखाना चालू राहिला.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका कारखान्याचे मॅनेजर गाळ मागायला आले. साहेबांनी त्यांना थेट आवडीसमोर उभं केलं. “सगळं यांना विचारा.”

आवडीने कॅन भरला, रोज किती पाणी द्यायचं ते समजावलं. मॅनेजरांनी शब्द न् शब्द टिपून घेतला आणि कॅनवर चिठ्ठी चिकटवत विचारलं, “काय नाव लिहू?”

“आवडी येसाजी,” ती म्हणाली. त्यांचं लिहून होईपर्यंत थांबली. “खाली गाव पन लिवा. कापडे, तालुका पोलादपूर.”