सुट्टीचं घर

रोझेनने कराचं बिल कर कार्यालयातल्या खिडकीच्या काचेखालच्या फटीतून आत सरकवलं आणि आतल्या माणसाने ते नीट उचलायच्या आधीच काचेवर बोटाने टकटक केली.

"चूक आहे ही. वाचा ना. 'सुट्टीचं घर' म्हणे, म्हणून हा जादा कर! त्या घरात माझा जन्म झालाय."

खिडकीमागचा माणूस सर्दीने बेजार झाला होता. त्याने नाक पुसलं, मग बिल वाचलं.

"मॅडम, नोव्हेंबर लागला की या खिडकीवर येणारा प्रत्येक जण चूकच म्हणतो. एक जानेवारीला त्या घरात कोण राहत होतं?"

"आई."

"राहत होती?"

रोझेनचा मघापासून हलणारा पाय थांबला. "तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. सध्या ती वृद्धाश्रमात आहे. तात्पुरती."

"किती दिवस झाले?"

"दोन हिवाळे."

त्याने बिल उलटून पाहिलं.

"अशा म्हाताऱ्या माणसांना सूट असते," तो म्हणाला. "घर दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही, परत जायचं म्हणून राखून ठेवलंय, असं आईच्या सहीचं पत्र आणा. बिल रद्द करून टाकू. पण एक सांगतो, ही नोंद आमची नाही. आईंच्या कराच्या ऑनलाइन खात्यातूनच झालीय, मे महिन्यात."

"आईच्या? अहो, तिला टीव्हीचा रिमोट धड चालवता येत नाही! आश्रमातल्या, तिचे फॉर्म भरणाऱ्या त्या ऑफिसवाल्या बाईने भलत्याच चौकोनात खूण केली असणार."

"मग पत्र आणा," म्हणून तो शिंकला.

पत्र तिने गाडीतच, स्टिअरिंगवर कागद धरून लिहिलं. उद्यापर्यंत थांबणं तिच्या स्वभावात नव्हतं. गेली दोन वर्षं तिच्या पायाला भिंगरीच लागली होती. एका शनिवारआड ती रेन शहरातून अडीच तास गाडी हाकत समुद्रावरच्या त्या घरी यायची. हीटर लावायची, नळ सोडून बघायची, ज्या पलंगावर कुणी झोपलंच नव्हतं त्याच्या चादरी बदलायची. आईला आश्रमात सोडताना तिने शब्द दिला होता, वसंतात तुला घरी नेते. प्रश्न बिलातल्या नऊशे चाळीस युरोंचा नव्हताच. जे ती स्वतःशीसुद्धा बोलली नव्हती, ते सरकारने छापून घरी पाठवलं होतं, आणि ते तिला पुसून टाकायचं होतं.

आश्रमाच्या बैठकीच्या खोलीत तिची आई, सोआझिग, तिघांबरोबर पत्ते कुटत बसली होती आणि जिंकत होती. लेकीला बघून तिने पत्ते पालथे ठेवले, वॉकर ओढला आणि कुरकुरतच खिडकीशी आली.

"आज गुरुवार. तू कशी?"

"एक सही हवीय. ऑफिसातल्या बाईंनी घोळ घातलाय."

सोआझिगने चष्मा चढवून पत्र वाचलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

"'लवकरच माझ्या घरी परत जाण्याचा माझा मानस आहे.' मानस! हे कुणी लिहिलं?"

"मी. तू फक्त सही कर."

"त्या बाईंना नावं ठेवू नकोस. बिचारीने तीनदा विचारलं मला. मीच म्हटलं, सुट्टीचं घर लिहा."

रोझेन बघतच राहिली.

"बघतेस काय? चाळीस वर्षं त्या पॅरिसवाल्यांची सुट्टीची घरं मी उघडली. जूनमध्ये त्यांच्या गाद्या उन्हात टाकल्या, ऑगस्ट संपला की त्यांच्या मागे वाळू झाडली. त्यांतल्या डॉक्टरीणबाई फोन करायच्या, 'सोआझिग, येतोय आम्ही, फ्रिजमध्ये लोणी आणून ठेव.' आता माझंही आहे. मलाही कुणीतरी लोणी आणून ठेवावं."

"आई, नऊशे चाळीस युरो आहेत!"

"वाचता येतं मला. त्यांनीही भरलेच की. फुकटात थाट होतो होय?"

"थट्टा करू नकोस. मी तुझा पलंग घालून ठेवलाय. तुला वसंतात घरी न्यायचंय मला."

"कुठल्या वसंतात?"

रोझेनने हातातल्या पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. सोआझिगने ते पेन तिच्या हातून काढून घेतलं.

"पोरी, त्या जिन्याची मला धास्ती वाटते. पडायच्या आधीपासून वाटायची. वारा सुटला की सगळी रात्र खुर्चीत बसून काढायची मी. तुला सांगितलं नाही, तू रडली असतीस."

"मी काही रडले नसते," रोझेन म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

आईने तिला रडू दिलं. पत्राची चार घड्यांची चिठ्ठी करून तिने ती लेकीच्या कोटाच्या खिशात सारली आणि वरून खिसा थोपटला. तेवढ्यात टेबलावरून एक म्हातारा ओरडला,

"सोआझिग, येतेस की हरायच्या भीतीने पळालीस?"

"आले! आणि माझ्या पत्त्यांना हात लावलास तर याद राख, ल गॉफ!"

तिने वॉकर वळवला. दोन पावलं जाऊन थांबली.

"ऑगस्टमध्ये ने मला तिकडे. खाली स्वयंपाकघराशेजारी पलंग लाव."

रोझेनने बाहीने डोळे पुसले. "नेते की. महिनाभर राहू."

"महिनाभर? नको गं. आठ दिवस पुरेत. पुढे मला घरची आठवण यायला लागेल."