उतरल्याचा मिस्ड कॉल

कोपरच्या त्या इमारतीत लाइट गेली की लोक आधी पंख्याकडे बघत आणि मग दुसऱ्या मजल्यावरच्या तानाजीच्या दाराकडे. तानाजी जुन्या कंपनीत लाइनमन. जुनी म्हणजे सरकारी. नवी म्हणजे दोन वर्षांपूर्वी ठाण्यात काचेचं ऑफिस थाटून डोंबिवलीपर्यंत पोचलेली खासगी. इमारतीतल्या निम्म्या घरांनी नव्या कंपनीचं कनेक्शन घेतलं होतं, कारण त्यांचा माणूस टाय लावून आला होता, चहा नको म्हणाला होता आणि सगळ्यांना 'सर' म्हणाला होता. तारा मात्र जुन्याच, भाड्यानं दिलेल्या. त्यामुळे बिल यायचं नव्या कंपनीचं आणि बिघाड झाला की खांबावर चढायचा तानाजी. त्याच्या कंपनीला सोडून गेलेले लोकही हाक त्यालाच मारत आणि वर ऐकवत, तुमच्या कंपनीचं काही खरं नाही हो. तानाजी 'हो' म्हणायचा. पंचावन्नाव्या वर्षी वाद घालायचा तो घरच्यांशी, एवढीच ताकद त्याच्यात उरली होती.

घरात वाद घालायला त्या रविवारी आयता माणूस चालून आला. अण्णा, म्हणजे तानाजीच्या बायकोचा, शेवंतीचा थोरला भाऊ. राहायला ठाण्याच्या कोपरीत. पूर्वी जुन्याच कंपनीच्या ठेकेदाराकडे राबायचा, आता नव्या कंपनीत सुपरवायझर झाला होता, आणि धर्म बदललेल्या माणसासारखा जुन्याचं नाव काढलं की चवताळायचा. निमित्त होतं विनीतचं. शेवंतीच्या या एकुलत्या एका मुलाचा वायरमनचा आयटीआय झाला होता आणि नशीब असं, की दोन्ही कंपन्यांची पत्रं एकाच आठवड्यात आली होती. दोन्हीकडे उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं.

पोहे संपेपर्यंत दोन्ही कंपन्या वजनकाट्यावर घालून झाल्या. जुनीत तीन वर्षं तुटपुंज्या मानधनावर काढायची, पण मग कायम. नवीत पहिल्या महिन्यापासून पूर्ण पगार, घरच्यांसकट विमा, बूट-हेल्मेट फुकट. पण करार दरवर्षी नव्यानं. जुनीत साहेब ओरडतो आणि संध्याकाळी विसरतो. नवीत साहेब ओरडत नाही, मोबाइलवर लाल खूण पाठवतो, आणि ती खूण वर्षभर तशीच राहते. हे शेवटचं अण्णानं सांगितलं नव्हतं. अण्णाच्या बायकोनं शेवंतीला मागे कधीतरी हळू आवाजात सांगितलं होतं. पण भावाच्या मिशीवर पोह्याचा दाणा असताना त्याला खोटं पाडणं शेवंतीला बरं वाटेना.

"आमच्यात माणसाला काढत नाहीत," तानाजीनं आपलं शेवटचं नाणं टाकलं.

"काढत नाहीत, कारण नवा घेतच नाहीत," अण्णा म्हणाला. "तिघांचं काम एकटे करताय दाजी. कायम आहात खरे, पण किती दिवस?"

तानाजीनं बशी खाली ठेवली. विनीत भिंतीला टेकून बसला होता. वडिलांची बाजू घ्यावी तर मामा दुखावणार, मामाची घ्यावी तर वडील. त्यानं सरळ ओझं तिसरीकडे उतरवलं. म्हणाला, आई सांगेल तिथे जाईन. दोन्ही पुरुषांनी शेवंतीकडे बघितलं, आणि तिला वाटलं, इतकी वर्षं या घरात मला फक्त भाजी कुठली करू एवढंच विचारत होते, तेच बरं होतं.

तिनं एकच गोष्ट विचारली. "अण्णा, कामावर असताना फोन कुठे असतो तुमच्यात?"

अण्णा खूश झाला. फोन लॉकरमध्ये, त्यानं सांगितलं. सकाळी ठेवायचा, संध्याकाळी सुटताना काढायचा. खांबावर खिशात फोन वाजला की लक्ष जातं. त्याऐवजी हाताला कंपनीचं यंत्र. कोण कुठे चढला, कधी उतरला, ठाण्याच्या ऑफिसात पडद्यावर दिसतं. चढायचं तर दोघांनीच, एकट्यानं नाही. आणि घरच्यांना? घरच्यांना कशाला कळवायचं, तो हसून म्हणाला. वर गेलाय हे कळलं तर ते नुसते घाबरतात.

तानाजी आणि शेवंती एकमेकांकडे न बघता उठले, तो हात धुवायला आणि ती बशा उचलायला.

त्यामागे नाथा होता. नाथा तानाजीचा जोडीदार. दोन्ही घरं ठाकुर्लीच्या एकाच चाळीत राहत होती तेव्हाची गोष्ट. नाथा खांबावर असताना दुसऱ्या टोकाला कुणीतरी न विचारता लाइन चालू केली. चाळीत पंखे फिरले, टीव्ही लागले, आणि सगळे एका सुरात म्हणाले, "आली!" नाथाची बायकोही म्हणाली. ती तर दारातच उभी होती, तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

त्यानंतर तानाजीनं बाहेर कुणाला न सांगता एक रीत पाडली. चढण्याआधी घरी एक मिस्ड कॉल, उतरल्यावर एक. एकच रिंग, मग कट. शेवंतीनं उचलायचा नाही, उलटा करायचा तर मुळीच नाही. आणि तेव्हापासून लाइट आली की इमारतीतला लहानथोर 'आली' म्हणत असे, शेवंती म्हणत नसे. दुसरी रिंग वाजली की मग ती पुटपुटे, "आली." शेजारणींना वाटायचं, हिला सगळं उशिरा कळतं. तिनं कधी दुरुस्त केलं नाही. कंपनीनं लाइनमनच्या सुरक्षेसाठी बिनपगारी माणूस नेमलाय आणि तो स्वयंपाकघरात उभा आहे, हे कुणाला समजावून सांगायचं?

म्हणजे तिचा हिशेब तिथे अडला होता. जुन्या कंपनीत पोरगा गेला तर दोन रिंगा तरी मिळतील. नव्या कंपनीत एकही नाही. पण तिथे एकट्याला चढवत नाहीत. तिची वाट बघण्याची सोय एका बाजूला, त्याचा जीव दुसऱ्या बाजूला, आणि कुठलं पारडं जड हे तिला ठरवायचं होतं. तिनं सोमवार, मंगळवार, बुधवार भाजी निवडताना ते ठरवलं नाही. विनीत विचारायचा, ती म्हणायची, बघू.

गुरुवारी दुपारी लाइट गेली. पहिली रिंग वाजली. शेवंतीनं फोन ओट्यावर, नजरेसमोर ठेवला आणि लसूण सोलायला घेतली. तासाभरानं पंखा फिरला. खालून, वरून, जिन्यातून 'आली' झाली. ती सोलत राहिली. लसूण संपली. तिनं गॅस पुसला, पुन्हा पुसला. दुसरी रिंग नाही. फोन करायचा नाही हा नियम, आणि तिनं तो मोडला नाही. चपला घातल्या आणि निघाली.

स्टेशनच्या बाजूला, खांबाजवळच्या टपरीच्या बाकावर तानाजी बसला होता. कमरेला पट्टा तसाच, पाठ भिंतीला, मान एका बाजूला. तिचे पाय तिथेच थांबले. मग त्याचं पोट वर-खाली होताना दिसलं. तो घोरत होता. हातात फोन, पडद्यावर तिचंच नाव काढलेलं. बटण दाबायचं तेवढं राहिलं होतं.

"सकाळपासून तिसरा खांब, वहिनी," टपरीवाला म्हणाला. "जोडीदार रजेवर आहे. चहा मागितला आणि येईपर्यंत झोपले."

तिनं त्याला उठवलं नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. त्याचा गार झालेला चहा तिनं पिऊन टाकला, कशाला वाया घालवायचा. बऱ्याच वेळानं तो जागा झाला, आधी फोनकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"दिला नाही का मी?"

"नाही."

"विसरलो गं."

"विसरला नाहीत. झोप लागली." तिनं चहाचा रिकामा ग्लास बाजूला ठेवला. "विनीत अण्णाकडे जाईल."

त्यानं पट्ट्याचं बक्कल सोडलं, पुन्हा लावलं. हा पट्टा पोराच्या कमरेला बांधणार असं तो सेक्शनभर सांगून बसला होता. पेढेही वाटून झाले होते.

"माझी कंपनी वाईट नाही," तो म्हणाला.

"वाईट कोण म्हणतंय? दमलीय. तुमच्यासारखीच."

त्यानं चहाचे पैसे दिले. दोघं चालत घरी आले. वाटेत नव्या कंपनीचं कनेक्शन घेतलेल्या चौघांनी विचारलं, झालं का काम? तानाजी म्हणाला, झालं.

विनीत सोमवारी नव्या कंपनीत हजर झाला. नेमणूक ठाकुर्लीलाच मिळाली, तिथे नव्या कंपनीनं स्वतःच्या तारा टाकल्या होत्या. संध्याकाळी घरी आला की सांगायचा: हातमोजे चांगले आहेत, जोडीदार बडबड्या आहे, काम ठरल्यापेक्षा लांबलं की यंत्र हातावर थरथरतं. एक लाल खूण पहिल्याच आठवड्यात मिळाली, का ते त्यालाही कळलं नव्हतं. मामाला विचारलं तर मामा म्हणाला, सवय होईल. तानाजी हे सगळं ताटाकडे बघत ऐकायचा. मी सांगितलं होतं, असं एकदाही म्हणाला नाही. आता तेवढंही कोण बोलणार.

शेवंतीला वाटलं होतं, रिंगच नाही म्हणजे वाट बघणंही नाही. हिशेब चुकला. पूर्वी ती किरकोळीत वाट बघायची, एका रिंगेपासून दुसरीपर्यंत. मधले तास तिचे असत. आता घाऊक. पोरगा डबा घेऊन जिना उतरला की सुरू, परत येईपर्यंत सलग. तिनं विनीतला याबद्दल काही सांगितलं नाही. तो चढायचा दोघांत, मोजे घालून, आणि तिला तेच हवं होतं.

पुढच्या शुक्रवारी दुरुस्तीसाठी कोपरची लाइट दुपारभर बंद होती. तानाजीची सुट्टी, तो घरातच पडून होता. खांबावर दुसरं कुणी होतं. तीनच्या सुमारास पंखा फिरला, इमारत 'आली' म्हणाली, तानाजीनं कूस बदलली. शेवंती काही बोलली नाही. कपड्यांच्या घड्या घालत राहिली. घड्या झाल्या, चहा झाला, उन्हं उतरली.

सहा वाजून गेल्यावर तिचा फोन एकदाच वाजला आणि थांबला. विनीतचा नंबर. लॉकर उघडून त्यानं फोन हातात घेतला असणार. ही रीत त्याला कुणी शिकवली नव्हती. लहानपणापासून तो ओट्याजवळ अभ्यासाला बसायचा.

"आली," शेवंती म्हणाली.

तानाजीनं डोळ्यांवरचा हात काढला. "तीनला आली ती."

"हो," ती म्हणाली, आणि कुकर लावायला उठली.