मऊ केलेला गोळा

सुनेने बत्ता उचलला आणि ओट्यावरच्या मातीच्या गोळ्यावर घातला. गोळ्याची दोन शकलं झाली. एक घरंगळत थेट दारापर्यंत गेलं.

"आता बाई आल्या की माझीच शोभा," ती पुटपुटली आणि शकलामागे धावली.

पाच वाजता व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या होत्या. सासऱ्यांचा उजवा हात अर्धांगाचा झटका आल्यापासून तीन महिने नुसता मांडीवर पडून होता. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हात! आज तसूभर तरी हालचाल दिसली तर व्यायाम पुढे चालू, नाहीतर बंद. आणि बंद झाला की दुकान दुसऱ्याला द्यायचं, हे नवऱ्याने ठरवूनच टाकलं होतं. आणि नेमका आजच गोळ्याचा दगड झालेला. रोज दाबायला आणलेली माती हवेत वाळणारी. दाबून झालं की डब्यात घालून झाकण लावायचं, एवढं साधं काम, तेही तिचं. आणि गोळा सापडला खिडकीत, उन्हात! काल तो डब्यात ठेवला होता की नाही, काही केल्या तिला आठवेना.

तिने तुकडे कुटले, कोमट पाणी शिंपडलं, पिशवीत घालून गाठ मारली. जरा मुरू द्यायला हवं होतं, पण तिचा जीव कुठे थाऱ्यावर होता? दर दोन मिनिटांनी गाठ सोडायची, बोट खुपसायचं, पुन्हा बांधायची. शेवटी राहवेना, तेव्हा दोन्ही हातांनी मळायलाच बसली. गुठळ्या विरघळल्या, चिकटपणा गेला. साडेचारला गोळा लोण्यासारखा मऊ झाला, तेव्हा कुठे तिने घाम पुसला.

भिंतीला धरत सासरे आले.

"खिडकीतला गोळा कुठाय?"

"तुम्ही ठेवला होता तिथे?"

"मग काय, त्याला पाय फुटले? मुद्दाम ठेवला वाळत. बाईंना दाखवायचा होता."

"काय दाखवायचं होतं, बाबा?"

त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची करंगळी उचलून धरली. "ही उमटली होती काल. नखासकट."

एक खळगा तिने पाहिला होता खरा. झाकणाची कड लागली असेल, असं वाटलं होतं तिला.

"मग मला बोलायचं नाही का हो!" तिला रडूच फुटलं.

"आधी बोललो असतो तर गावभर केलं असतंस. वस्तू हातात असली की बोलावं माणसाने."

तिने मऊ गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. "पुन्हा दाबा ना. एकदाच." त्यांनी ओठ आवळले, मान ताठ केली, कपाळावरची शीर फुगली. करंगळी होती तशीच राहिली. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

बाईंनी खुर्चीत बसून वही उघडली. "काय आजोबा, काही फरक?"

"काही नाही. रोजचंच." सासऱ्यांनी सुनेकडे पाहिलंदेखील नाही.

बाईंनी मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं.

"आहे फरक," सून म्हणाली. आवाज चिरका निघाला. "काल करंगळी उमटली होती मातीत. मीच फोडला तो गोळा, बत्त्याने."

बाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. मग गोळा बाजूला सारून त्यांच्या तळहातावर स्वतःचं बोट ठेवलं.

"दाबा."

सासऱ्यांनी पुन्हा ओठ आवळले. बराच वेळ बाई आपल्या बोटाकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या भुवया वर गेल्या.

"परत," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने वही मिटली.