आजोबा झोपले म्हणून

मी एक पत्रा बोलतोय. हसू नका, सध्या लातुरात मी फळा म्हणून नोकरीला आहे.

जन्म माझा कारखान्यातला, पण खरं आयुष्य सुरू झालं भूकंपानंतर. औशाकडच्या एका गावात मदतीच्या शेडवर मला ठोकलं. खाली सरजाबाई आणि तिची चार वर्षांची सौदामिनी राहायच्या. सौदामिनीचे आजोबा भूकंपात झोपेतच घराखाली गेले होते. माझ्या एका भोकातून पाणी ठिबकायचं, सरजाबाई त्यात डांबर भरायची. मला त्या दोघींचा लळा लागला होता.

पक्की घरं झाली आणि शेड मोडली. मला लातूरच्या अण्णाराव सरांनी आणलं, काळा रंग फासला आणि क्लासच्या भिंतीवर चढवलं. दहावीचं इंग्रजी, गुणांची हमी! अर्थ समजून घेणं म्हणजे वेळ घालवणं, असं सरांचं ठाम मत. भूकंपावर निबंध येऊ लागले तसा त्यांनी व्याकरणातही भूकंप घुसवला. दोन वाक्यं जोडायचा नमुना म्हणून माझ्या माथ्यावर ऑइल पेंटने कायमचं लिहून टाकलं, 'द हाऊस फेल बिकॉज ग्रँडफादर वॉज स्लीपिंग.' म्हणजे आजोबा झोपले होते म्हणून घर पडलं! साठ पोरं रोज एका सुरात हे ओरडायची आणि एकालाही खटकायचं नाही. नोट्समध्ये तेच होतं ना.

मग एका वर्षी हुशार पोरांच्या पहिल्या बॅचला सौदामिनी आली, आता दहावीत. सरजाबाई आता शहरातल्या एका मेसमध्ये पोळ्या लाटत होती. सगळे ओरडले, ही पोरगी मात्र तोंड उघडेना.

"सर, आजोबा झोपले म्हणून घर न्हाई पडलं. घर पडलं तवा आजोबा झोपले होते. इथं 'व्हेन' पायजे."

"नोट्समध्ये हाय तेच म्हण. न्हाईतर शेवटच्या बॅचला जा."

शेवटच्या बॅचला सर फिरकतसुद्धा नसत. हे कळताच सरजाबाई मेसमधून पिठाच्या हातांनी धावत आली.

"म्हण की गं तेवढं! साल वाया जाईल."

"आजोबावर आळ घालून पास व्हायचं का, माय?"

पोरगी दप्तर उचलून शेवटच्या बॅचला गेली. मी भिंतीला खिळलेला, काय करणार?

निकाल लागला. इंग्रजीत अख्ख्या क्लासमध्ये सौदामिनी पहिली! सरांनी सरजाबाईला मानाने बोलावलं. "बॅनरसाठी पोरीचा फोटो द्या."

"देते. आधी त्ये वाक्य काढा."

इतकी वर्षं अर्थापुढे न वाकलेले सर फोटोपुढे लगेच वाकले. स्वतः सुरी घेऊन रंग खरवडू लागले. मला लागलं, पण बरं वाटलं. रंगाखालून डांबर भरलेलं भोक निघालं. सरजाबाईने त्यावर बोट ठेवलं. "ह्यो तर आमचाच पत्रा हाय," म्हणाली आणि तिथेच रडली.

आता माझ्या माथ्यावर सौदामिनीच्या फोटोचा बॅनर आहे. नवी बॅचही आली. माझ्यावरचं वाक्य गेलं, पण नोट्स आधीच छापून तयार होत्या. सर बोट नाचवतात आणि तिच्या फोटोखाली बसून साठ पोरं ओरडतात, आजोबा झोपले म्हणून घर पडलं.

पोरांनो, ओरडा. पण एकदा थांबून विचारा तरी, कुणाचे आजोबा?